इंग्रजी पहिलीचे फणसे मास्तर

कल्याणात त्या काळी टेबलखुर्चीवर बसून पोट भरणाऱ्या निम्म्या पुरुषांचे कान फणसे मास्तरांच्या चिमटीतून गेलेले होते. रेल्वेतला हेडक्लार्क असो की मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून, रस्त्यात मास्तर दिसले की त्याची सायकल आपोआप थांबायची आणि हात टोपीकडे जायचा. मास्तर मान हलवायचे. चार पावलं पुढं गेल्यावर बरोबरच्याला सांगायचे, "गाढव होता. मी माणसात आणला."

बाळकृष्ण फणसे इंग्रजी पहिलीला इंग्रजी शिकवत. मराठी चौथी पास होऊन पोरगं हायस्कुलात आलं की ए-बी-सी-डीशी त्याची गाठ घालून द्यायची ती फणसे मास्तरांनी, असा शाळेचा शिरस्ताच पडला होता. वरचे वर्ग त्यांना कधी मिळाले नाहीत. ते मॅट्रिकवर थांबलेले, आणि वरच्या वर्गांना बी.ए. लागत. पण या गोष्टीचं दुःख त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. इंग्रजी पहिली हेच त्यांचं संस्थान, आणि तिथं कायदा त्यांचा.

कायदा असा, की वर्गात पाऊल टाकण्याआधी दारात उभं राहून "मे आय कम इन, सर?" म्हणायचं. बिनचूक म्हणायचं. चुकलं की तास संपेपर्यंत बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कायस्थ-बामणांची पोरं घरून घोकून येत आणि दोन दिवसांत आत बसत. मोहने, शहाड, आंबिवलीकडून चालत येणारी पोरं दारातच अडकत. त्यांच्या घरात इंग्रजीचा वारा नव्हता. कुणी आठवडाभर बाहेर उभं राही, कुणी महिनाभर. दिवाळीनंतर त्यातली बरीच दिसेनाशी होत. हेडमास्तरांनी एकदा दबकत विषय काढला, तेव्हा मास्तर म्हणाले, "साहेब, ही चाळणी आहे. चाळणीतून खडे खाली पडायला लागले तर भाकरीत दाताखाली येतील."

घरी मास्तर कमी बोलत. मंदाकिनीबाई, त्यांची बायको, हसतमुख आणि हाताने सढळ. एकुलती एक मुलगी सुहासिनी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ दिलेली. मुलगा नव्हता. ती जागा काही वर्षं आनंद टिपणीसने भरून काढली होती. आनंद गरीब विधवेचा मुलगा. गुरुवारी आणि रविवारी त्याचं जेवण फणस्यांकडे. मंदाकिनीबाई त्याच्या पानात भातावर तूप वाढताना हात आखडत नसत. पोरगं तल्लख निघालं. बी.ए. झालं, बी.टी. झालं, आणि मास्तरांनी संस्थेच्या चिटणिसांकडे स्वतः शब्द टाकल्यावर त्याच शाळेत लागलं. मास्तर त्याला शिक्षकांच्या खोलीतही "अरे आनंदा" अशीच हाक मारत. तो "जी सर" म्हणत उठून उभा राही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला. पाचवी, सहावी आणि सातवीतून इंग्रजी जाणार. ते सुरू होणार थेट आठवीला. खालच्या वर्गांना हिंदी, सामान्य विज्ञान आणि हातकाम, म्हणजे टकळीवर सूत कातणं. 'इंग्रजी पहिली' हे नावसुद्धा राहणार नव्हतं. त्या वर्गाला आता नुसतं पाचवी म्हणायचं.

शिक्षकांच्या खोलीत गहजब झाला. ड्रॉइंगचे मधू ताम्हणे म्हणाले, "सूत कातायला आमची पोरं काय कोष्ट्याच्या घरची आहेत?" गणिताचे शिक्षक म्हणाले, "आठवीला सुरू करून मॅट्रिकला इंग्रजीत पास व्हायचं, म्हणजे लग्नाच्या दिवशी पोरगी शोधायला निघण्यातला प्रकार." सगळ्यांचं एकमत झालं की हे खूळ आहे. निदान एकदम तरी घेऊ नये, वर्षाला एक इयत्ता अशा बेतानं घ्यावं. संस्थेनं शिक्षकांचं मत विचारायला शनिवारी सभा ठेवली होती.

"फणसे, तुम्ही बोला," ताम्हणे म्हणाले. "तुमच्या शब्दाला वजन आहे. आम्ही सगळे पाठीशी आहोत."

आनंद कोपऱ्यात वह्या तपासत होता. मास्तरांनी विचारलं, "आनंदा, तुझं काय?"

"तुम्ही बोला सर. मी तुमच्यानंतर बोलेन."

मास्तरांना तेवढं पुरेसं होतं.

शनिवारी सभेला चिटणीस स्वतः आले. त्यांच्या डोक्यावर नवी कोरी खादीची टोपी होती. कालपरवापर्यंत ते काळी टोपी घालत. ती खादी पाहूनच खोलीतल्या अर्ध्या लोकांची मतं बदलली, हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही. ते उभे राहिले, कोटाच्या काजात अंगठा अडकवला आणि बोलले. चांगलं बोलले. कोवळ्या वयात जीभ वळते, पुढं ती ताठ होते. इंग्रज गेला म्हणून त्याची विद्या कशाला हाकलता. गावातली चुली पेटलेली घरं मोजा, त्यातल्या किती घरांत इंग्रजीच्या जोरावर अन्न शिजतं ते पाहा. शेवटी ते म्हणाले, "हे माझं एकट्याचं मत नाही. सगळ्या शिक्षकांचं आहे."

चिटणीस हसले. "एकेकाला विचारू या की."

ताम्हणे उठले आणि म्हणाले, हातकाम म्हणजे कलाच, तेव्हा आपला पाठिंबा आहे. गणिताचे शिक्षक म्हणाले, सरकारनं विचार करूनच ठरवलं असेल. ज्यांना सरळ खोटं बोलवेना ते म्हणाले, बहुमत होईल तसं. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

मग आनंद उठला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हा आपला.

"सरांनी मला शिकवलं," आनंद म्हणाला. "मी आज उभा आहे तो त्यांच्यामुळं. पण माझ्या वर्गात मारुती भोईर होता. मोहन्याचा. गणितात माझ्या पुढं. त्याला 'कम इन' म्हणता येत नव्हतं, तो 'कमीन' म्हणायचा. पहिल्या सत्रात तो एक दिवसही इंग्रजीच्या तासाला आत बसला नाही. दारात उभं राहून ऐकायचा. सर त्याला काय म्हणत, ठाऊक आहे?"

आनंदने कोटाच्या काजात अंगठा अडकवला. मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि नाकातून आवाज काढला. "भोईर, तोंडात जीभ आहे की वल्हं? मार बाबा, मार वल्हं. पोचशील दुपारपर्यंत आत."

हुबेहूब फणसे मास्तर. आधी ताम्हणे हसले. मग चिटणीस. मग सगळी खोली. दाराशी उभ्या असलेल्या विश्राम शिपायानंही तोंडावर हात धरला. आनंद थांबला नाही. त्याला हशाची चव लागली होती. मास्तर कान कसा धरत, खडू कसा झटकत, रुमालाने नाक कसं पुसत, हे त्याने एकामागून एक करून दाखवलं. त्यानंतर तो गंभीर झाला आणि म्हणाला, "मारुती आज मोहन्याला कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहतो. अशी पोरं गाळणारं इंग्रजी जावं, आणि एकदमच जावं, असं माझं मत आहे."

मास्तरांना पहिले काही क्षण कळलंच नाही की लोक आपल्याला हसताहेत. कळलं तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला. तेवढ्यात ठराव झाला, चहा आला. त्यांच्या हातातही कुणीतरी कप दिला आणि तो त्यांनी प्यायला.

घरी आल्यावर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मंदाकिनीबाईंनी विचारलं, "मारुती म्हणजे तो काळासा? पायात काटा मोडला होता म्हणून आपल्या ओट्यावर बसला होता, तोच ना?"

"जेवायला वाढ," मास्तर म्हणाले.

मारुतीचा चेहरा त्यांना खरोखरच आठवत नव्हता. आठवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. कानात राहिलं होतं ते हसणं.

शाळेनं त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना हातकाम दिलं. ठाण्याच्या शिबिरात पोरसवदा शिक्षकांच्या रांगेत मांडी घालून ते सूत कातायला शिकले आणि टकळ्यांची पेटी घेऊन पाचवीच्या वर्गावर आले. आनंद आता खालच्या वर्गांचा सुपरवायझर झाला होता. वेळापत्रक तोच लावी. मास्तरांना त्याने नेमका तोच जुना वर्ग दिला.

सांधेदुखीनं मास्तरांची बोटं आखडलेली. टकळी फिरवली की कापसाचा पेळू हातात राही आणि धागा तुटे. पोरांचा तुटत नसे. मोहन्या-शहाडच्या पोरांचा तर मुळीच नाही. घरी जाळी विणणारे हात त्यांचे. सभेतली नक्कल शिक्षकांच्या खोलीत राहिली नव्हती, ती पोरांपर्यंत पोचली होती. एके दिवशी मास्तर वर्गाच्या दारात आले तर आतली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मे आय कम इन, सर?" आणि मागच्या बाकावरून नाकातला आवाज आला, "मारा वल्हं!"

मास्तरांनी हाताला लागला तो पोरगा धरला आणि बडवला. तो ओरडणाऱ्यांपैकी नव्हता. सुपरवायझरनं त्यांना बोलावून घेतलं.

"सर, नव्या पद्धतीत मारायचं नसतं," आनंद शांतपणे म्हणाला. "तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो. पण लेखी ताकीद द्यावी लागेल."

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या मनासारखी झाली. सभेत माना डोलावणाऱ्यांना घरी आपली पोरं होती. ठराव पोरांच्या भल्याचा होता, पण तो दुसऱ्यांच्या पोरांच्या. वर्षभरात एकेक जण संध्याकाळी फणस्यांच्या ओट्यावर येऊ लागला. "जरा आमच्या चिरंजीवांकडे पाहा की. आठवीला एकदम जड जाईल." पहिला आला तो मधू ताम्हणे. मास्तरांनी कुणाला नाही म्हटलं नाही. ओट्यावर सतरंजी पडली, रूळ बाहेर आला, कान पुन्हा चिमटीत आले. मास्तरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागला. मंदाकिनीबाईंना वाटलं, चला, माणूस सावरला.

एका संध्याकाळी आनंद आला. बरोबर त्याचा धाकटा मेव्हणा, पाचवीतला. ओट्याच्या पायरीशी थांबून तो म्हणाला, "सर, याला घ्याल का? घरात फार धरून बसलेत."

ओट्यावर बारा-पंधरा पोरं होती. मास्तरांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "आत यायचं तर काय म्हणतात?"

आनंद हसला. मास्तर हसले नाहीत. आनंदच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मेव्हण्यानं त्याचा हात धरला होता. आनंद खालच्या आवाजात म्हणाला, "मे आय कम इन, सर?"

"ऐकू आलं नाही."

"मे आय कम इन, सर?"

"हा मागचा पोरगा बहिरा आहे. त्याच्यापर्यंत जाऊ दे."

तिसऱ्यांदा आनंद मोठ्यानं म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पोरं खुदखुदली. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उच्चार बरा आहे. पण जागा नाही. जा."

मंदाकिनीबाई आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आनंदची आणि त्यांची नजरानजर झाली. त्याने लहानपणासारखे दोन्ही हात जोडले आणि मेव्हण्याला घेऊन निघून गेला. त्या रात्री मास्तर दोन घास जास्त जेवले. मंदाकिनीबाईंनी पान घेतलंच नाही.

पंधरवड्याच्या आत शाळेचं पत्र आलं. परवानगीशिवाय खाजगी शिकवणी करणाऱ्या शिक्षकावर कारवाई होईल. खाली सही सुपरवायझरची. नियम पूर्वीपासूनच होता, पण आजवर तो कुणी वाचला नव्हता. पोरं दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. पहिला बंद झाला तो ताम्हण्यांचा मुलगा. वर्ष संपायला मास्तरांना पंचावन्न पूर्ण होत होती. इतरांना सहज मिळे ती मुदतवाढ त्यांना मिळाली नाही.

नवऱ्याला न सांगता मंदाकिनीबाई आनंदच्या घरी गेल्या. त्याने त्यांना पाटावर बसवलं, पायाला हात लावला, बायकोला सरबत करायला सांगितलं. मग म्हणाला, "काकू, तुमच्या हातचं मी जेवलोय. तुम्ही मागाल ते देईन. हे एक मागू नका."

"अरे, त्यांचं चुकलं असेल. म्हातारे झालेत."

"मारुतीच्या वेळी ते म्हातारे नव्हते, काकू," आनंद म्हणाला. मग खाली बघत तो खरं तेच बोलला. "आणि मारुतीचंही राहू द्या. माझ्या मेव्हण्यासमोर त्यांनी मला उभं केलं."

त्या घरी आल्या आणि कुठं गेल्या होत्या ते त्यांनी लपवलं नाही. मास्तर म्हणाले, "भीक मागून आलीस? तुला काय, पूर्वीपासून तोच जवळचा."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पालकांच्या आग्रहावरून संस्थेनं शाळा सुटल्यावर पाचवीसाठी इंग्रजीचा ऐच्छिक तास सुरू केला. मास्तर कोटाला इस्त्री करवून शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खुर्चीत आता आनंद होता. त्याने आदरानं बसवलं आणि सांगितलं की तास एका नव्या बाईंना दिला आहे. चित्रं दाखवून, गाणी म्हणवून शिकवतात. पोरं पळत येतात.

"हसत हसत विद्या येत नसते," मास्तर म्हणाले.

"येते, सर. या, दाखवतो."

मास्तर बघायला थांबले नाहीत.

त्यानंतर काही दिवस ते नुसते बसून असत. मग एका दुपारी त्यांनी हाक मारली, "अगं, इकडं ये. बस."

त्यांच्यापुढं जुनं पहिलं पुस्तक उघडं होतं.

मंदाकिनीबाई मराठी तिसरी शिकलेल्या. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी नवऱ्याला म्हटलं होतं, मला इंग्रजी शिकवा ना. तेव्हा ते म्हणाले होते, "तुला काय साहेबाकडे जायचंय?" आता पन्नाशीत ते आपण होऊन बोलावत होते. त्या खरंच आनंदल्या. हात पुसून बसल्या. पहिले आठ दिवस फार चांगले गेले. अक्षरं त्यांना भराभर येत होती. स्टेशनच्या पाटीवरचं नाव त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मास्तरही म्हणाले, "बरं आहे."

वाक्यं सुरू झाली आणि मास्तर मास्तर झाले. 'धिस' आणि 'दिस' यांत बाईंची जीभ अडखळे. पहिल्यांदा ते चिडले. मग रूळ आला. आधी तो पाटावर आपटे, मग बोटांवर बसू लागला. संध्याकाळी भाकरी थापताना बोटं दुखत, तेव्हा बाई पीठ जरा सैल मळत. शेजारची पोरं खिडकीशी जमू लागली. प्रेक्षक आलेले पाहून मास्तरांना चेव आला. "बघा रे, बघा! तीस वर्षं मास्तराचं कुंकू लावलं आणि डोक्यात शेण!"

पोरं हसत. मास्तरांचा डोळा बारीक होई आणि मान तिरकी होई.

एका दुपारी चुलीवर दूध होतं. बाईंचं वाक्य तिसऱ्यांदा चुकलं. मास्तर म्हणाले, "उभी राहा. कोपऱ्यात."

त्या उभ्या राहिल्या. आतून दूध चढत असल्याचा वास आला.

"अहो, दूध उतू जातंय."

"आधी वाक्य."

"अहो, ते..."

"आधी वाक्य! तुझ्या बापानं जीभ दिली की चामड्याचा तुकडा?"

दूध उतू गेलं. निखाऱ्यांवर पडून चर्र झालं, घरभर करपट धूर झाला. खिडकीतली पोरं ओरडत पळाली. मंदाकिनीबाई कोपऱ्यातून निघाल्या, आत गेल्या, भांडं उतरवलं आणि चूल पुसली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं आणि हातात पिशवी.

"कुठं निघालीस?"

"सुहासकडे. ठाण्याला."

"कधी येणार?"

"येणार नाही."

मास्तरांना ते खरं वाटलं नाही. "वाक्य पुरं कर आणि मग जा कुठं जायचं तिथं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आनंदनं नक्कल केली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, त्याने वाढवून सांगितलं असेल."

आणि त्या गेल्या.

महिन्याभरानं सुहासिनी वडिलांना समजवायला कल्याणला आली. घरात पसारा होता, पण पुस्तकं नीट लावलेली होती. मास्तरांनी तिच्यासाठी स्वतः चहा केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा येऊन नुसतं 'चल' म्हणा. आई येईल. तुमचं काय बिघडतं एवढं म्हणायला?"

मास्तरांनी बशी तोंडाला लावली, फुंकर घातली, एक घोट घेतला. "मी कशाला जाऊ? ती नापास झाली."

सुहासिनी उठली. आपला कप तिने तसाच ठेवला आणि ती पुढच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खानावळीचा डबा लावला.

ते आणखी सहा वर्षं जगले. गेल्याचं कळलं तेव्हा मंदाकिनीबाई जावयाबरोबर कल्याणला आल्या. गावातली पुष्कळ माणसं जमली होती, आनंद हेडमास्तरही होता, आणि मास्तरांनी किती जणांना घडवलं ते सगळे एकमेकांना सांगत होते. बाईंनी ते ऐकून घेतलं. कुणी रडायला सांगितलं तेव्हा रडल्या. संध्याकाळी नातीची शाळेतून यायची वेळ होते, म्हणून त्या पाचच्या आत ठाण्याला परत गेल्या.